प्रोस्टेटची तपासणी वेळेवर कशी करून घ्यावी

पन्नाशी उलटलेला माणूस रात्री तीन-चार वेळा लघवीला उठू लागला की घरचे म्हणतात, वय झालं आता. बहुतेक वेळा ते खरंही असतं. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयानुसार ती वाढते, मूत्रनळी दाबते आणि धार बारीक होते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर मात्र सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. त्रास होईल तेव्हा पाहू असं म्हणणारे कितीतरी जण आजार हाडात गेल्यावर दवाखान्यात येतात. त्याआधी कंबरदुखी समजून मलम चोळण्यात महिने गेलेले असतात. म्हणून अंगात काही नसताना तपासणीचा विचार करायचा.

आधी घरात विचारा. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर तुमचा धोका साधारण दुप्पट होतो. जुन्या काळी निदान झालेलंच नसायचं, त्यामुळे आजाराचं नाव विचारून उपयोग नाही. आई, आत्या, मोठे काका यांना विचारा: आजोबांची लघवी अडली होती का, नळी टाकली होती का, मग हाडं दुखून ते अंथरुणाला खिळले होते का? एवढ्यावरून कॅन्सर होताच असं ठरत नाही, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी ही माहिती आहे. घरात कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. असा इतिहास असलेल्यांनी 45व्या वर्षी डॉक्टरांशी बोलावं, इतरांनी 50व्या. सत्तरीनंतर त्रास नसताना ही तपासणी सहसा सुचवत नाहीत.

मग डॉक्टरांशी बोला. पीएसए ही साधी रक्ततपासणी आहे, प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन रक्तात किती आहे हे ती आकड्यात सांगते. पण ती सगळ्यांनी केलीच पाहिजे असं नाही. प्रोस्टेटचे काही कॅन्सर इतके हळू वाढतात की आयुष्यभर त्रास देत नाहीत. ते सापडले की बायोप्सी (ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं), धास्ती, कधी नको असलेले उपचारही मागे लागतात. उलट, जोरात वाढणारा कॅन्सर वेळेत सापडला तर माणूस वाचू शकतो. दोन्ही बाजू ऐकून ठरवा. माझं मत विचाराल तर घरात इतिहास असलेल्यांनी ही तपासणी टाळू नये.

रक्त देण्याआधीची काळजी. इथेच सर्वात जास्त घोळ होतो. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर आधी उपचार घ्या आणि नंतर साधारण सहा आठवडे थांबा. जंतुसंसर्गात आकडा वाढलेला येतो. दोन दिवस आधीपासून शरीरसंबंध टाळा, लांबचा सायकल प्रवासही टाळा. दुधाच्या फेऱ्या सायकलवर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नुकतीच लघवीची नळी टाकली असेल तरी सांगा. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असेल तर आकडा जवळपास निम्मा दिसतो, म्हणून गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. उपाशी राहायची गरज नाही.

कुठे जायचं. गावच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी होईलच असं नाही. आशाताईंना किंवा तिथल्या डॉक्टरांना आधी विचारा, म्हणजे एसटीचा हेलपाटा वाचेल. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त देता येतं. पुढच्या तपासण्यांसाठी नागपूरचं मेडिकल आणि एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) यांसारखी मोठी रुग्णालयं आहेत. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या चौकशीसाठी लागतात. कापसाच्या वेचणीत वेळ मिळत नसेल तर उन्हाळ्यात जा. त्रास नसताना दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही.

आकडा आला की. पीएसए 4 नॅनोग्रॅमच्या (दर मिलिलिटरला) वर म्हणजे कॅन्सर, असं समजून घरात रडारड करू नका. 4 ते 10 च्या दरम्यान आकडा असलेल्या चौघांपैकी साधारण एकालाच कॅन्सर निघतो. 4 च्या खाली म्हणजे पूर्ण निर्धोक, असंही नाही. आकडा वाढलेला असेल तर काही आठवड्यांनी तीच तपासणी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा करतात. मग डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. काकाजी मंडळी या तपासणीला लाजतात, पण ती एक-दोन मिनिटांत आटोपते. गरज पडली तर एमआरआय आणि त्यानंतर बायोप्सी. कॅन्सरचं निदान बायोप्सीवरूनच पक्कं होतं. तो कमी धोक्याचा निघाला तर लगेच ऑपरेशन न करता ठरावीक काळाने तपासत राहणं, हाही मान्य मार्ग आहे.

लघवीत रक्त दिसलं, कंबरेचं किंवा पाठीचं दुखणं काही केल्या जात नसेल, तर उन्हाळ्याची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात जा. लघवी पूर्ण अडली किंवा पाय लुळे पडू लागले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी गाडी करून, दवाखाना गाठा.