ट्रॅफिकमध्ये काटा चढतो? आधी पंखा बघा

माझी १९९८ ची जर्मन सेदान गाडी, एका रांगेत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. हायवेवर तापमानाचा काटा बरोबर मधोमध. चांदणी चौकाच्या गर्दीत मात्र तो वर सरकायचा, एसी लावला की आणखी लवकर. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, रेडिएटर बदला. मला पटेना. रेडिएटर तुंबला असता तर वेगात, घाटात गाडी आधी तापली असती. इथे गाडी थांबली की हवाच कमी पडत होती.

या इंजिनात पंखा व्हिस्कस कपलिंगमधून, म्हणजे घट्ट तेलाने पकडणाऱ्या जोडणीतून फिरतो. कपलिंगच्या तोंडाशी द्विधातूची, म्हणजे उष्णतेने वाकणारी दोन धातूंची पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ही पट्टी आतली झडप उघडते, आतलं सिलिकॉन तेल पसरतं आणि पंखा इंजिनाची पकड घेतो. वयोमानाने तेल झिरपलं की पकड सुटते. इंजिन गरम असताना बंद करा, किल्ली काढा, पंखा हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. माझा गरगर फिरला!

नवं कपलिंग बसवलं. त्याचा नट उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या दिशेने सुटतो. ३२ एमएमचा पातळ पाना लागतो. पंख्याची प्लॅस्टिकची पाती नीट बघा, बारीक तडा दिसला तरी तो पंखा वापरू नका, फुटला तर बॉनेट फाडतो. कूलंट भरताना निम्मं डिस्टिल्ड वॉटर घातलं, कारण बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात. शेवटी ब्लीड स्क्रू उघडून हवा काढली. आता भर मे महिन्यात, एसी चालू ठेवून सिग्नलला उभा राहिलो तरी काटा हलत नाही.