खोल पाण्यात जिगने बास पकडायला शिकताना

काठाजवळच्या गवतात बास (गोड्या पाण्यातले शिकारी मासे) मिळत असतात तोपर्यंत खोल पाण्याकडे कोणी बघत पण नाही. मग ऊन तापतं, काठ रिकामा वाटायला लागतो आणि जिगची, म्हणजे धातूचं जड डोकं असलेल्या हूकवाल्या आमिषाची आठवण होते. सगळेच मासे खोल जातात असं नाही हां, दाट गवताच्या सावलीत काही भर उन्हाळ्यातही राहतात. पण बरेच मासे पंधरा ते पंचवीस फुटांवर, तळाचा उतार जिथे अचानक तुटतो तिथे किंवा पाण्याखालच्या उंचवट्यांवर घोळक्याने असतात. म्हणून आणखी खोल, आणखी खोल असं करत बसू नका, कारण उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात आणि बऱ्याच तलावांत थर्मोक्लाइनच्या (वरचं कोमट आणि खालचं गार पाणी यांमधल्या थराच्या) खाली ऑक्सिजनच इतका कमी असतो की तिथे जिग टाकून काही उपयोग नाही.

सामानावर जास्त डोकं खपवू नका. अर्ध्या औंसाचा, म्हणजे साधारण १४ ग्रॅमचा फुटबॉल हेड जिग, त्याच्या हूकला लावायचा, क्रेफिशसारखा (गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडासारखा) दिसणारा मऊ ट्रेलर, सात फुटी, जरा ताठ असा मीडियम हेवी रॉड आणि १२ ते १५ पाउंड ताण पेलणारी फ्लोरोकार्बन लाइन (गळाची दोरी), एवढ्यावर शिकणं होतं. फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा घन असते आणि पाण्यात बुडते, त्यामुळे तळावरचं हातापर्यंत नीट पोचतं. वारा असेल किंवा तळ लागलेलाच कळत नसेल तर पाऊण औंसावर जा. फुटबॉल हेड आडवं रुंद असतं म्हणून दगडांवरून लोळत येतं, पण बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत मात्र ते हमखास अडकतं, तिथे निमुळत्या डोक्याचा, वीड गार्डवाला (हूक अडकू नये म्हणून पुढे ताठ काड्यांचा झुबका असलेला) जिग बरा.

आता खरी गोष्ट. नवीन माणूस मासा शोधत असतो, आणि माझं म्हणणं असं की आधी तळ शोधा. सुरुवातीला उथळ, स्वच्छ पाण्यात जिथे जिग डोळ्यांना दिसतो तिथे तो ओढून बघा, कारण दगडावर आपटला की हाताला काय लागतं, वाळूतून सरकताना काय लागतं, हे डोळ्यांनी बघत शिकलं की खोलात अंदाज बांधता येतो. चिखलात जिग जड आणि मुका वाटतो, खडीवर बारीक टकटक येते, लाकडावर चढताना हळूहळू ताण वाढतो आणि मग एकदम सुटतो. चिखल संपून खडी सुरू होते ती जागा सापडली की तिथेच परत परत टाका, मला तरी अशा जागा नुसत्या खोल जागांपेक्षा कितीतरी भरवशाच्या वाटतात.

टाकल्यावर लगेच रील बंद करू नका. लाइन अडली की जिग सरळ खाली न जाता झोक्यासारखा तुमच्याकडे येतो आणि ठरवलेली जागा चुकते. लाइन सोडत रहा, मनात आकडे मोजा आणि डोळे लाइनवर ठेवा. दहाला तळ लागत असेल आणि सहालाच लाइन थांबली किंवा बाजूला सरकली तर मध्येच कोणीतरी घेतलंय. तळ लागल्यावर रॉड वर न उचलता आडवा ओढा, मग रॉड परत पुढे नेत ढिली लाइन गुंडाळा, थोडं थांबा, परत ओढा. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि जिग पळायला लागतो.

मासा लागला की दर वेळी झटका बसतोच असं नाही. कधी टक होतं, कधी ओलं फडकं अडकल्यासारखं मऊ जड लागतं आणि कधी वजनच नाहीसं होतं, कारण मासा जिग तोंडात धरून तुमच्याच दिशेने येत असतो. शंका आली की ढिली लाइन पटकन गुंडाळा आणि रॉड जोरात बाजूला खेचा. हूक जाड, वर वीड गार्ड, त्यामुळे हलक्या हाताने तो रुतत नाही.

मासे सोडून देणार असाल तर पंचवीस-तीस फुटांच्या खालचे उगाच काढत बसू नका, वर आणताना दाब कमी होऊन त्यांची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर त्यांना परत खाली जाता येत नाही.

आणि दगडांवर ओढून ओढून जिगच्या वरची लाइन खरखरीत होते, मधून मधून बोट फिरवून बघा, खरखर लागली की फूटभर कापून टाका आणि गाठ नवी मारा, आळस केला तर नेमका मोठा मासाच ती तोडून जातो.