दुसऱ्या कंपनीचा पॅड आपल्या मॉड्यूलला लावताय? या चुका टाळा

इलेक्ट्रॉनिक ड्रम किटमध्ये काठीने मारायचे पॅड केबलने मॉड्यूलला, म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्याला, जोडतात. पिन जॅकमध्ये बसली म्हणजे पॅड चालणार असं बहुतेकांना वाटतं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पाव इंची जॅक रोलँडचा असो, यामाहाचा असो नाहीतर अलेसिसचा, बाहेरून सगळे सारखेच, पण पिनच्या टोकावर काय येतं आणि मधल्या रिंगवर काय येतं हे प्रत्येक पॅडचं वेगळं असतं. पॅडमध्ये आवाज नसतोच. तो फक्त व्होल्टेजचा एक झटका पाठवतो आणि त्याचा अर्थ मॉड्यूल लावतं, त्यामुळे "पॅड डेड आहे" म्हणून परत पाठवण्याआधी खालच्या गोष्टी बघाच, कारण नवीन पॅड खराब निघण्यापेक्षा मॉड्यूलने त्याला चुकीचं ओळखलेलं असण्याची शक्यता खूप जास्त असते.

पॅड टाइप न बघता लावणं

ड्युअल झोन (दोन जागी मारून दोन आवाज देणारे) पॅड मुख्यतः दोन जातीचे. एकात हेडला (वरच्या पृष्ठभागाला) पिएझो (आघाताचं व्होल्टेज बनवणारा सेन्सर) आणि रिमलाही (कडेच्या रिंगणालाही) पिएझो, मेश (जाळीचं हेड असलेले) स्नेअर बहुतेक असेच असतात. दुसऱ्यात वरच्या भागाला पिएझो आणि कडेला दाबला जाणारा स्विच, म्हणजे बहुतेक सिंबल. आता पिएझो-पिएझो स्नेअर तुम्ही स्विचवाल्या इनपुटला लावला तर हेड मस्त वाजेल आणि रिमवर कितीही बडवा, काही येणार नाही, कारण ते इनपुट रिंग ग्राउंडला शॉर्ट होण्याची वाट बघत बसलंय आणि पिएझो तसं कधी करत नाही. उलट केलंत, म्हणजे स्विचवाला सिंबल पिएझो-पिएझो इनपुटला, तर एज (कडेचा आवाज) आणि चोक (कड धरून आवाज बंद करणं) दोन्ही गेले. काही मॉड्यूलमध्ये मेन्यूतून टाइप बदलता येतो, काहींमध्ये इनपुट फिक्स असतं, कोणतं इनपुट काय घेतं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते पॅड विकत घ्यायच्या आधी वाचा.

तीन झोनच्या राइडचं (बो, एज आणि बेल म्हणजे मधला घुमट असलेल्या सिंबलचं) अजून वेगळं. यामाहा एकाच स्टीरिओ केबलवर काम भागवते, एज आणि बेलचे स्विच वेगवेगळ्या रेझिस्टन्सवरून ओळखते. रोलँडच्या सीवाय-१५आर सारख्या राइडला दोन जॅक आणि दोन केबल लागतात. म्हणून एकाची राइड दुसऱ्याच्या मॉड्यूलला लावली की सहसा बेलवर पाणी सोडावं लागतं.

घरात पडलेली गिटारची केबल वापरणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. गिटारची केबल मोनो असते, तिच्या पिनवर एकच काळी पट्टी, स्टीरिओ केबलच्या पिनवर दोन. मोनो पिन स्टीरिओ जॅकमध्ये घातली की रिंग सरळ ग्राउंडला चिकटते, आणि स्विचवाल्या सिंबलच्या बाबतीत मॉड्यूलला वाटतं की कोणीतरी कड दाबून धरलीय, म्हणजे सतत चोक. क्रॅश सिंबलवर मारलं की नुसतं "ठक्" होतं आणि आवाज तिथंच कापला जातो, किंवा येतच नाही. लोक तासन्तास सेन्सिटिव्हिटी वाढवत बसतात आणि दोष असतो केबलचा. शंका असेल तर सगळीकडे स्टीरिओच वापरा, साध्या सिंगल झोन पॅडलाही ती सहसा चालते.

हायहॅटवर पैसे वाचवायला जाणं

माझं स्पष्ट मत आहे, टॉम आणि क्रॅश कुठलेही घ्या पण हायहॅट कंट्रोलर (पायाने हायहॅट उघडा-बंद करणारं पेडल) मॉड्यूलच्याच कंपनीचा घ्या, निदान त्या मॉड्यूलच्या कम्पॅटिबिलिटी यादीत नाव असलेला तरी घ्या. साधा कंट्रोलर म्हणजे पायाने बदलणारा रेझिस्टन्स. तो किती ते किती बदलतो, दाबल्यावर वाढतो की कमी होतो आणि कोणत्या कॉन्टॅक्टवर येतो, या तिन्ही बाबतीत कंपन्या जुळत नाहीत. पेडल दाबलं की ओपन आणि सोडलं की क्लोज्ड असं उलटं चालत असेल तर दिशा उलटी आहे. पूर्ण ओपन आणि पूर्ण क्लोज्ड दोन्ही येतात पण मधलं अर्धउघडं काहीच येत नाही, तर रेंज जुळत नाहीये. काही मॉड्यूलमध्ये कॅलिब्रेशनने हे सुधारतं, जिथे ती सोय नाही तिथे अॅडाप्टर केबल बनवून घेण्याचे उद्योग करावे लागतात आणि तरी स्प्लॅश (पेडल झटकन दाबून सोडल्याचा आवाज) नीट येईलच असं नाही.

रोलँडचे डिजिटल पॅड (पीडी-१४०डीएस स्नेअर, सीवाय-१८डीआर राइड, २०१६ मध्ये टीडी-५० सोबत आलेले) यूएसबीने जोडतात. दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलवर यूएसबी पोर्ट दिसला म्हणून ते तिथे चालणार नाहीत, विषय संपला.

सेटिंग भलत्या क्रमाने करणं

आधी प्रीसेटच्या यादीतून त्यातल्या त्यात जवळचा पॅड निवडा, मेश असेल तर त्याच साइजचा मेश, रबर असेल तर रबर. मग सेन्सिटिव्हिटी, मग थ्रेशोल्ड (किती हलका हिट मोजायचा ती खालची मर्यादा), मग कर्व्ह (मारण्याचा जोर आणि आवाज यांचं नातं), आणि बाकीचं त्यानंतर. नावं वेगळी असतात, एका हिटनंतर पॅडचे पुढचे सिग्नल जेवढा वेळ दुर्लक्षित होतात त्याला रोलँडकडे मास्क टाइम तर यामाहाकडे रिजेक्ट टाइम, रोलँडची सेन्सिटिव्हिटी म्हणजे साधारण यामाहाचा गेन.

एकाच जोराने मारूनही एक हिट मोठा एक बारीक येत असेल तर स्कॅन टाइम (मॉड्यूल सिग्नल मोजायला घेतं तो वेळ) बघा. काठी पडल्यावर सिग्नल शिखरावर जायला थोडा वेळ लागतो आणि मॉड्यूलने त्याआधीच मोजलं तर आकडा दरवेळी वेगळा येतो, मोठ्या मेशवर हे जास्त जाणवतं. रोलँडच्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये हा ० ते ४ मिलिसेकंदांपर्यंत जातो, अगदी थोडा थोडा वाढवा, कारण तेवढाच उशीर आवाजाला लागतो.

डबल ट्रिगर (एका हिटला दोन आवाज) झालं की सगळे धावतात मास्क टाइमकडे. थांबा, आधी मेश ढिला आहे का आणि सेन्सरवरचा फोमचा कोन हेडला नीट टेकतोय का ते हाताने दाबून बघा, मग रीट्रिगर कॅन्सल (हिटनंतरची थरथर पुन्हा हिट म्हणून न मोजण्याची सेटिंग) वाढवा, मास्क सगळ्यात शेवटी. मास्क ६४ मिलिसेकंदांपर्यंत नेता येतो, पण २०० बीपीएमला (मिनिटाला २०० ठोके) सोळाव्या नोट्स, म्हणजे एका ठोक्यात चार हिट, वाजवल्या तर दोन हिटमध्ये फक्त ७५ मिलिसेकंद, त्यामुळे मास्क तिथपर्यंत ताणला तर फास्ट डबल बास (दोन्ही पायांनी किक) वाजवताना थोड्या जवळ पडलेल्या किक गिळल्या जाणारच.

क्रॉसटॉकचंही तसंच, एक टॉम मारल्यावर शेजारचा वाजतो तेव्हा रॅकचे क्लॅम्प आधी घट्ट करा. नंतर क्रॉसटॉक कॅन्सल, तेही कमीत कमी, कारण ते जास्त केलं की स्नेअरसोबत हळू मारलेला राइडही मॉड्यूल खाऊन टाकतं.

लूम आणि अडॅप्टर

अलेसिस नायट्रो काय किंवा रोलँड टीडी-१७ काय, दोन्हीत पॅडच्या केबलचा जुडगा, म्हणजे लूम, २५ पिनांच्या एकाच कनेक्टरमध्ये जातो. कनेक्टर तसाच दिसतो, पण पिनांची वाटणी सारखी असेल असं धरून चालू नका आणि एकाची लूम दुसऱ्याला लावू नका. पॉवर अडॅप्टरचं तर अजिबातच नाही, रोलँडच्या अनेक मॉड्यूलना ९ व्होल्ट आणि आतली पिन निगेटिव्ह लागते, यामाहाच्या डीटीएक्स५०२ ला १२ व्होल्ट आणि आतली पिन पॉझिटिव्ह. पॅड चुकला तर आवाज येत नाही, इथे चुकलं तर मॉड्यूल जळू शकतं.

दोन मॉड्यूल मिडीने जोडताना

इनपुट संपले म्हणून जुन्या मॉड्यूलला पॅड लावून मिडीने (वाद्यांमध्ये हिटचे संदेश पाठवणाऱ्या जोडणीने) नव्याला जोडतात, आयडिया चांगली आहे, पण नोट नंबर (प्रत्येक आवाजाचा क्रमांक) दोन्हीकडे जुळवा. किक ३६, स्नेअर ३८, क्लोज्ड हॅट ४२, ओपन ४६ हे सगळीकडे साधारण तेच असतं, गडबड होते रिम, बेल आणि एजच्या नोटमध्ये. चॅनल सहसा १०. हॅटच्या पेडलची स्थिती सीसी ४ या मिडी संदेशावर जाते, ते समोरचं मॉड्यूल ऐकतंय का तपासा. आवाज दोनदा येत असेल तर जुन्या मॉड्यूलचा लोकल कंट्रोल (पॅडवरून स्वतःचा आवाज काढणं) बंद करा, किंवा त्याचा ऑडिओ मिक्सरला जोडूच नका.

काहीही बिघडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची: चालणारा पॅड त्याच केबलने त्याच इनपुटला लावून बघा, मग फक्त केबल बदला, मग इनपुट. आणि सगळं जमलं की ट्रिगर सेटिंगचे आकडे फोनवर फोटो काढून ठेवा, फॅक्टरी रीसेट केलं की किट्ससोबत तेही पुसले जातात.