मोडक्या छत्र्यांतून वटवाघळाचे पंख

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी भाचीला वटवाघूळ व्हायचे होते, म्हणून बडोद्यातील दांडिया बाजारच्या आमच्या घरी साठलेल्या मोडक्या काळ्या छत्र्या मी उसवल्या. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांच्या हाडांवर ताणलेली त्वचाच असल्याने छत्रीच्या काड्या व कापड यांहून योग्य साहित्य मला सुचत नाही. अडचण वजनाची होती. खांद्यांवर टाचलेले पंख गळा ओढून मागे घसरत. तेव्हा जुन्या दप्तराच्या पाठीवर पुठ्ठ्याचे दोन थर, त्यांच्या पन्हळी एकमेकींना काटकोनात ठेवून, चिकटवले, काड्या त्यावर तारेने बांधल्या आणि कमरेला पट्टा लावला. भार कमरेवर येताच पंख ताठ राहिले. काड्यांची टोके मात्र सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी झाकलीच पाहिजेत, कारण गर्दीत ती इतर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.