शेजारी बसवलं म्हणजे मैत्री झाली? मिश्र वर्गातल्या या चुका टाळा

मेळघाटातल्या शाळेत एकाच वर्गात कोरकू, गोंड, गवळी, बलई आणि बाजारपेठेतली हिंदी बोलणारी अशी सगळी पोरं असू शकतात. हजेरीपटावर ती एकत्र, मधल्या सुट्टीत मात्र आपापल्या टोळक्यात. खिचडीची ताटं घेऊन कोण कुणाशेजारी बसतं ते पाच मिनिटं नुसतं बघा, वर्गाचा खरा नकाशा समोर येतो. तो बदलावा म्हणून आपण शिक्षक जे करतो त्यातलं बरंच अंगाशी येतं, तेही हेतू चांगला असताना.

एका बाकावर बसवलं, काम झालं

नाही झालं. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात समाजमानसशास्त्रज्ञ मुझफर शेरिफ यांनी एका शिबिरात साधारण अकरा वर्षांच्या मुलांचे दोन गट पाडले. मुलं सारख्याच घरांतली, एकाच वर्णाची. तरीही आपसात स्पर्धा लावल्यावर काही दिवसांत हाडवैर जमलं. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि बिघाड शोधायला सगळ्यांना मिळून हिंडावं लागलं, अशा दोन-चार कामांनंतर कुठे सूर बदलू लागला. म्हणजे बाक बदलून भागत नाही, एकमेकांवाचून अडेल असं काम लागतं.

गटकार्य पाच जणांचं, करणारा एकटा

सगळ्यात जास्त घडणारी आणि सगळ्यात कमी दिसणारी चूक ही. ‘मेळघाट व्याघ्र प्रकल्प’ असा तक्ता करायला दिला. ज्याचं मराठी चांगलं तो मजकूर लिहितो, त्याचा दोस्त वाघ काढतो आणि कोरकू मुलीच्या हातात येतं स्केचपेन, कशाला, तर कडेची नक्षी रंगवायला. तक्ता भिंतीवर लागतो, केंद्रप्रमुख खूश होतात. त्या मुलीच्या मनातलं ‘आपल्याला काही येत नाही’ आणि बाकीच्यांच्या मनातलं ‘हिला काही येत नाही’ हे दोन्ही मात्र आणखी पक्कं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ कोहेन यांनी नेमका हाच प्रश्न हाताळला: हुशार कोण हे मुलांनी आधीच ठरवलेलं असतं, ढिसाळ गटकार्य त्यावर शिक्का मारतं.

यावर मला सगळ्यात पटलेला उपाय टेक्सासमधल्या ऑस्टिनचा. १९७१ मध्ये तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी धड्याचेच तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा आणि परीक्षा मात्र पूर्ण धड्याची, ज्याची त्याने द्यायची. शेजाऱ्याचं नीट ऐकलं नाही तर आपलेच मार्क जाणार.

वरचाच विषय असा वाटून बघा. पहिल्याकडे: १९७३ साली देशात सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट कसा आला. दुसऱ्याकडे नद्या: खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार, सगळ्या तापीला मिळणाऱ्या. तिसऱ्याकडे साग आणि बांबू. चौथ्याकडे जंगलातून बाहेर वसवलेली गावं. पाचव्याकडे मोहफुलं आणि मध. पूर्ण मजकूर कुणाच्याच हातात द्यायचा नाही.

इथेही गाडी अडते, आणि ठरलेल्याच जागी अडते:

- एखादं मूल बोलतच नाही, गट वैतागतो. कारण बहुतेक वेळा तयारीची पायरी गाळलेली असते. सगळ्या गटांतली ‘नद्या’वाली मुलं आधी एकत्र बसवा, त्यांना मिळून तयारी करू द्या, मग आपापल्या गटात पाठवा.
- गटात एका समाजाचं एकच मूल पडलं की ते बुजतं. शक्यतो जोडी ठेवा, मग वर्गातल्या प्रत्येक गटात प्रत्येक समाज आला नाही तरी चालेल.
- ज्याच्याकडे तुकडा तोच गैरहजर. दिवाळीनंतर अनेक घरं कामासाठी बाहेर पडतात, तेव्हा एक तुकडा दोघांना द्या. आणि होळीच्या आठवड्यात नवं काही काढूच नका. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण तो, पोरं फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागायला रस्त्यावर असतात. असायलाच हवीत.
- दोन तासांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणं. तोच गट निदान सहा-आठ आठवडे चालू द्या.

शाबासकीही नेमकी द्या. ‘छान’ म्हणून काही होत नाही. ‘सिपना कुठून वळते हे हिने नकाशावर बरोबर दाखवलं, आता बाकीच्यांनी तिला विचारा,’ असं सगळ्यांसमोर म्हणा. पण ते खरं असेल तरच. खोटं कौतुक मुलं लगेच ओळखतात.

‘शाळेत मराठीतच बोला’

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही, त्यामुळे ‘ऐकून ऐकून येईल’ हा हिशेब पहिली-दुसरीत चुकतो. तयारीच्या गटात हवी ती भाषा चालू द्या, मूळ गटात सांगताना मराठी, अडलं तर शेजाऱ्याची मदत. दोन्ही भाषा येणारं मूल अशा वेळी एकदम कामाचं ठरतं, आणि ते बहुधा मराठी घरातलं नसतं.

वस्तीविरुद्ध वस्ती

कबड्डी, क्रिकेटचे संघ वस्तीप्रमाणे पाडणं सोपं असतं, म्हणून तसेच पडतात. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात तरुणांचे क्रिकेट सामने भरवून हेच तपासलं. वेगवेगळ्या जातींचे खेळाडू एका संघात आले तेव्हा जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या, समोरासमोर आले तेव्हा परिणाम उलटा झाला. संघ चिठ्ठ्या टाकून पाडा.

९ ऑगस्टला नाच, १० ऑगस्टला शांतता

आदिवासी दिनाला नाच बसवायला हरकत नाही. पण वर्षभरात त्या मुलांची आठवण तेवढीच निघत असेल तर बाकीच्यांना ती पाहुणी वाटतात. ‘तुमच्यात लग्न कसं करतात?’ असं भर वर्गात एका मुलाला उभं करून विचारणंही नको.

आपलं तोंड

‘एस.टी.वाले उभे राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म घ्या.’ महिनाभराच्या गटकार्यावर पाणी फिरवायला हे एक वाक्य पुरतं. मोफत गणवेशाचंही वर्षानुवर्षं असंच होतं: सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळे, बाकीचे मुलगे बघत राहत. २०२३-२४ पासून तो सरसकट झाला, बरं झालं. फॉर्म मात्र अजून आपल्याच हातात आहेत. ते पालक आले की ऑफिसात द्या, किंवा बंद पाकिटात घालून घरी पाठवा. बँक पासबुकाची झेरॉक्स आणि जातीचा दाखलाही वर्गात गोळा करू नका.