महाग चहा आणून वाया घालवू नका

गोव्यातल्या फोंड्यात माझं सुट्या चहाचं एका गाळ्याचं दुकान आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी अख्ख्या पानाच्या चहाचं अर्धं संपलेलं पाकीट काउंटरवर आपटतं. "भाऊ, एवढे पैसे घेतलेत, पण याला ना रंग ना कडकपणा." कसा केलात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: आलं ठेचलं, दूध ओतलं, तीन उकळ्या काढल्या.

अहो, त्यासाठी सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा आहे! १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी दातेरी रुळांचं यंत्र आणलं. त्यात पान चिरडतं, फाटतं आणि वळून त्याचे दाणे होतात. दाण्यातून रंग झटकन उतरतो, शिवाय दूध, साखर, आलं सगळं तो पेलतो. आपल्याकडचा बहुतेक चहा हाच, आणि सकाळी पातळ भाजी-पावाबरोबर मीही हाच पितो. अख्ख्या पानाचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स चहा वेगळा. दोन पानं आणि एक कळी हातानं खुडायची, रात्रभर कोमेजू द्यायची, वळायची, हवेवर तांबूस होऊ द्यायची, मग गरम हवेत वाळवायची. चार-साडेचार किलो ओला पाला गेला की एक किलो चहा हाती येतो. तो दुधात उकळणं म्हणजे पिकल्या मानकुराद आंब्याचं लोणचं घालणं.

मी काय करतो ते सांगतो. पाणी उकळलं की गॅस बंद. कप विसळेपर्यंत ते जरा निवतं. कपभर पाण्याला दोन-अडीच ग्रॅम पत्ती, वर झाकणी, तीन मिनिटं, आणि लगेच गाळायचा. पत्ती पाण्यातच राहिली तर चहा तुरट होतो आणि दोष मळ्याला जातो. ग्रीन टीला पाणी ८० अंशांच्या आसपास हवं, म्हणून मी ते आधी दोनदा भांडं बदलून ओततो. वेळेला घड्याळ लावा. "आम्हाला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांचा अंदाज मी बघितलाय. मोबाईल हातात असला की तीन मिनिटांची दहा होतात.

आता साठवण. गोव्यात या एका चुकीनं जेवढा चहा मेलाय तेवढा उकळूनही मेला नसेल. जूनच्या सुरुवातीला मी मडकईच्या मावशीला पाव किलो दार्जिलिंग दिला होता, त्याच वर्षीचा, पहिल्या खुडणीचा. तिनं तो कौतुकानं "नीट" ठेवला. नीट म्हणजे कुठे, तर पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या जिनसांच्या फळीवर. खाली मिरच्या, शेजारी कोकमाची सोलं, आणि वर जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. डब्याचं झाकण असं की बोटानं ढकललं तरी निघावं. चवथीला आम्ही सगळे जमलो. घर शिवराक, म्हणजे शाकाहारी, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधलेली, आणि मावशीनं खास माझ्यासाठी तोच चहा केला. पहिला घोट घेतला आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. कपातून सरळ सुक्या सुंगटांचा वास येत होता. काका म्हणाले, "दार्जिलिंगला समुद्र आहे का रे?"

चहाची पत्ती शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेते. मोगऱ्याचा चहा बनतो तो याच गुणामुळे. वर आपला पावसाळा, ज्यात मीठसुद्धा पाणी सोडतं. म्हणून मी मे महिन्यातच पत्ती ५० ग्रॅमच्या पुड्यांत बांधून ठेवतो आणि एक संपल्याशिवाय दुसरी फोडत नाही. डबा घट्ट झाकणाचा, मसाल्यापासून आणि पुरुमेंतापासून लांब. फ्रिज नको. गार डबा बाहेर काढून उघडला की आतल्या पत्तीला घाम फुटतो. पत्ती नुसती मऊ पडली असेल तर जाड तवा तापवून, गॅस बंद करून, तवा हाताला सोसेल एवढा निवला की पाच मिनिटं पसरतो. कुबट वास आला की मात्र फेकायची. तिथे काटकसर नको.

पाण्याच्या बाबतीत मी स्वतःच गाढव ठरलोय. डिचोलीकडे एका मित्राच्या घरी मुक्काम होता. नवीन आलेला नमुना मोठ्या ऐटीत केला, तर कपात शाई! काळपट-निळसर, वर तेलकट दिसणारा तवंग, चवीला खिळा चोखल्यासारखा. मी तिथूनच व्यापाऱ्याला लांबलचक निरोप पाठवला, फसवणूक वगैरे शब्द वापरून. दुसऱ्या दिवशी दुकानात तीच पत्ती नळाच्या पाण्यात केली, तर रंग मधासारखा स्वच्छ. मित्राकडे विहिरीचं पाणी होतं. आपल्या जांभ्या दगडाच्या भागात बऱ्याच विहिरींना लोह असतं आणि चहातल्या तुरट द्रव्यांशी ते जुळलं की काळं पडतं. हिरडा आणि लोहाचं हिराकस मिळून शाई व्हायची, तोच प्रकार. व्यापाऱ्याची माफी मागितली, पण पुढचे दोन महिने तो माझ्याशी फक्त हिशेबाचं बोलला. तेव्हा चहा काळा दिसला तर आधी पाणी बदलून बघा. बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसत असेल तर संशयच नको.

चमच्यानं मोजू नका; अख्खं पान फुगीर असतं, चमचा भरलेला दिसतो पण वजन भरत नाही. गवती चहा घशाला छान, पण तो चहा नव्हे. गार झालेला चहा परत तापवू नका. मी त्यात लिंबू पिळून तसाच पितो.

आणि "हँडमेड" या शब्दावर भाळू नका. किनाऱ्यावरच्या दुकानांत सोनेरी डब्यांवर तो सर्रास छापलेला असतो. खरं सांगायचं तर चांगल्या ऑर्थोडॉक्स कारखान्यातही वळण्याचं काम बहुतेक यंत्रच करतं. हात लागतो तो खुडताना, आणि पानाचं तांबूस होणं कधी थांबवायचं हे नाकानं ठरवणाऱ्या माणसाचा. सगळं हातानं वळणारे छोटे शेतकरी आहेत, पण त्यांचा माल थोडा असतो. म्हणून मळ्याचं नाव, खुडणीचा हंगाम आणि वर्ष विचारा. दार्जिलिंगला २००४ मध्ये देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं, ते ८७ मळ्यांपुरतं. नुसतं "हिमालयन" लिहिलेला डबा त्यात बसेलच असं नाही.

घरी आणल्यावर चहा गाळा आणि ओली पत्ती पांढऱ्या बशीत पसरा. बोटानं हळूच उलगडा. देठ, करवतीसारखी कड, मध्ये मिटलेली कळी, एवढं दिसलं तर माल खरा. नुसता चुरा निघाला तर पाकीट खुशाल काउंटरवर आपटा, माझ्यासुद्धा.