फोल्डर रेप्लिकेशन लावताय? या चुका टाळा

एका सर्व्हरवरचं फोल्डर दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप पोचत राहावं म्हणून विंडोज सर्व्हरमध्ये डीएफएस रेप्लिकेशन, म्हणजे डीएफएसआर, आहे. ते लावायचा विझार्ड, म्हणजे एकेक प्रश्न विचारत मांडणी करून देणारी खिडकी, दहा मिनिटांत पूर्ण होतो आणि घात होतो तो तिथेच, कारण विझार्ड संपला की काम संपलं असं लोकांना वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. मला येणारे मदतीचे फोन वर्षानुवर्षं त्याच सात-आठ चुकांचे असतात. त्यातली पहिली इतकी महागात पडते की तिच्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

प्रायमरी मेंबर उलटा निवडणं

रेप्लिकेशनमधला प्रत्येक सर्व्हर म्हणजे मेंबर. विझार्ड विचारतो, प्रायमरी मेंबर कोणता? त्याचा अर्थ ‘मुख्य सर्व्हर’ असा नाही. पहिल्या सिंकच्या वेळी कोणाकडचा डेटा खरा मानायचा, एवढंच तो विचारतोय. पहिला सिंक झाला की हा मान संपतो आणि सगळे मेंबर सारखे होतात.

एका ठिकाणी जुना सर्व्हर बदलायचा होता. काम करणाऱ्या मुलाने नवा, रिकामा सर्व्हर प्रायमरी केला, कारण ‘यापुढे हाच मुख्य असणार’. सिंक सुरू झाला. डीएफएसआरच्या लेखी खरं फोल्डर रिकामं होतं, त्यामुळे जुन्या सर्व्हरवरच्या फायली जास्तीच्या ठरल्या आणि डीएफएसआर-प्रायव्हेट या लपलेल्या फोल्डरमधल्या प्री-एक्झिस्टिंगमध्ये जाऊन पडल्या. लोकांनी शेअर उघडला तर आत काहीच नाही. मला फोन आला तेव्हा तो मुलगा म्हणाला, “सर, फायली दिसत नाहीत, पण डिस्क भरलेलीच दाखवतेय. एक सिस्टिम फोल्डर खूप मोठं झालंय, तेवढं उडवू का?”

त्याने परवानग्या बदलून ते फोल्डर उघडलंही होतं. कित्येक वर्षांचं काम एका डिलीटवर आलं होतं. मी त्याला कीबोर्डवरून हात काढायला सांगितलं. आधी ते अख्खं फोल्डर जसंच्या तसं वेगळ्या डिस्कवर कॉपी करून घेतलं. फायली मूळच्या कुठे होत्या, याची नोंद प्री-एक्झिस्टिंगच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये असते. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून ती वाचून फायली परत आणणारी ‘रिस्टोअर-डीएफएसआर-प्रिझर्व्हड-फाइल्स’ ही पॉवरशेल कमांड मिळते. ती चालवून सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढलं आणि तपासून परत जागेवर ठेवलं. काम संपायला रात्र झाली.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. विझार्ड उघडण्याआधी दोन्ही सर्व्हरवरच्या फायलींची संख्या आणि आकार कागदावर लिहायचा आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या नावावर गोल करायचा, प्रायमरी तोच. आणि बॅकअप घेतल्याशिवाय विझार्ड उघडायचाच नाही. “वेळ नव्हता” हे कारण मला पटत नाही. परत आणायला लागणारा वेळ त्याच्या कितीतरी पट असतो.

स्टेजिंग कोटा तसाच ठेवणं

फाइल पाठवण्याआधी डीएफएसआर तिला स्टेजिंग फोल्डरमध्ये तयार करतो. त्याचा मूळ कोटा ४ जीबी असतो. तो ९० टक्के भरला की साफसफाई सुरू होते आणि ६० टक्क्यांवर येईपर्यंत चालते. फायली मोठ्या असल्या तर तयार करून ठेवलेलीच फाइल पुसली जाते आणि पुन्हा तयार करावी लागते. सर्व्हर दिवसभर राबतो, पण पुढे काहीच सरकत नाही. इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदींमध्ये, ४२०२ (कोटा भरत आला) आणि ४२०४ (साफसफाई झाली) आलटून पालटून दिसत असतील तर हेच चाललंय. ४२०६ दिसला तर साफसफाईलाही जागा उरलेली नाही. फोल्डरमधल्या सर्वांत मोठ्या ३२ फायलींच्या आकारांची बेरीज काढा. कोटा निदान तेवढा हवा. डिस्कवर जागा असेल तर मी त्याच्या दुप्पट देतो.

पहिला सिंक पूर्ण व्हायच्या आत लोकांना आत सोडणं

नव्या सर्व्हरवर ४१०४ हा इव्हेंट, म्हणजे पहिला सिंक पूर्ण झाल्याची नोंद, दिसेपर्यंत थांबा. बॅकलॉग, म्हणजे अजून पोचायच्या राहिलेल्या फायलींची संख्या, पाहा आणि तो शून्यावर आला की मगच शेअर द्या. डेटा खूप असेल तर आधी रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या कमांडने परवानग्यांसकट नेऊन ठेवा. साध्या कॉपी-पेस्टने परवानग्या बदलतात, मग दोन्हीकडचा हॅश (मजकूर आणि परवानग्या यांवरून काढलेली फाइलची खूण) जुळत नाही आणि ती मेहनत फुकट जाते. मी दहा-वीस फायलींचे हॅश दोन्हीकडे काढून पाहतो. घाईत असलेले नवे लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

दोन्हीकडून एकच फाइल लिहिणं

डीएफएसआर फाइल लॉक करत नाही. शेवटी सेव्ह करणाऱ्याची फाइल राहते आणि दुसऱ्याची कॉन्फ्लिक्ट फोल्डरमध्ये जाते. तिथेही कोटा असतो, त्यामुळे ती कायम तिथे राहत नाही. म्हणून नेमस्पेसमध्ये, म्हणजे लोक ज्या एका पत्त्यावरून फोल्डर उघडतात तिथे, मी एकच टार्गेट, म्हणजे एकाच सर्व्हरवरचं फोल्डर, चालू ठेवतो. सतत उघडी असणारी डेटाबेस फाइल तर या फोल्डरमध्ये ठेवूच नका.

बाकीच्या थोडक्यात सांगतो.

‘काही फायली जातच नाहीत’ अशी तक्रार असेल तर आधी फिल्टर पाहा: ~ ने सुरू होणाऱ्या आणि .बॅक (bak), .टीएमपी (tmp) ने संपणाऱ्या नावांच्या फायली मुळातच वगळलेल्या असतात.

वरच्या फोल्डरची परवानगी भर दुपारी बदलू नका. खालच्या प्रत्येक फाइलची परवानगी बदलते आणि सगळ्या फायली बॅकलॉगमध्ये येतात.

एखादा मेंबर ६० दिवसांहून जास्त बंद राहिला तर ४०१२ हा इव्हेंट येतो आणि त्या फोल्डरचं रेप्लिकेशन थांबतं. म्हणून दर सोमवारी बॅकलॉग पाहतो.

रेप्लिकेशनला बॅकअप समजू नका. इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. रोजचा बॅकअप वेगळाच हवा, आणि त्यातली एखादी फाइल महिन्यातून एकदा परत काढून पाहायला हवी.